अवघडलेल्या दिवसांतले कोल्हापूर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी काही वर्षे प्रसूती विभागात परिचारिका होते आणि आता दर शनिवारी राजारामपुरीत गरोदर स्त्रियांचा वर्ग घेते. वर्गात, फोनवर आणि वाटेत भेटल्यावर विचारले जाणारे प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. प्रश्न विचारणारीच्या शब्दांतच ठेवले आहेत. काही तिच्या सासूबाईंचे आहेत आणि एक-दोन नवऱ्याचेही. गरोदरपण सुरळीत चालले आहे असे धरून उत्तरे दिली आहेत. डॉक्टरांनी ज्यांना काही बंधने घातली आहेत त्यांनी आधी प्रश्न १५ वाचावा.

१. मला आठवा महिना लागलाय. आता फिरणे बंद करायचे का?

नाही. रक्तदाब, साखर, वारेची (प्लासेंटाची) जागा आणि बाळाची वाढ ठीक असेल तर शहरातल्या शहरात हिंडायला दिवस भरेपर्यंत सहसा हरकत नसते. २८ व्या आठवड्यापासून शेवटची तिमाही धरतात आणि ३७ आठवडे पुरे होण्याआधी झालेली प्रसूती अपुऱ्या दिवसांची मानतात, त्यामुळे आवर घालायचा तो अंतराला. मी किलोमीटर मोजत नाही. बसायला कट्टा कुठे आहे, स्वच्छतागृह कुठे आहे आणि जिथे नाव घातले आहे ते रुग्णालय किती मिनिटांवर आहे, एवढ्या तीन गोष्टी मोजते. ३६ व्या आठवड्यानंतर तासाभरात रुग्णालय गाठता येणार नाही इतके लांब जाऊ नये. पिशवीत पाण्याची बाटली, तपासण्यांची फाईल आणि माता व बाल संरक्षण कार्ड असावे. फाईल घरी राहिली म्हणून अर्ध्या वाटेतून परत फिरलेली कुटुंबे मी पाहिली आहेत.

२. मन सारखे लांब कुठेतरी जाते. रात्री दोन वाजता मी मोबाईलवर गणपतीपुळ्याचे फोटो बघत बसते. हे डोहाळेच का?

हो, आणि फार जुने डोहाळे आहेत. डोहाळे हा शब्द संस्कृतातल्या ‘दोहद’वरून आला. सुश्रुतसंहितेत चौथ्या महिन्यातल्या गर्भिणीला ‘दौहृदिनी’, म्हणजे दोन हृदयांची, म्हटले आहे आणि तिची इच्छा डावलू नये असे बजावले आहे. सीतेला डोहाळे लागले ते गंगाकाठच्या आश्रमांत पुन्हा जाऊन राहण्याचे. आंबटचिंबट खाण्याचे नव्हेत, चक्क प्रवासाचे. (त्या कथेचा पुढचा भाग आपण सोडून देऊ.) आपल्याकडचे डोहाळजेवणही पाहा: कुणी नावेत बसवते, कुणी झोपाळ्यावर, कुणी बागेत, कुणी चांदण्यात. जिला जाता येत नाही तिच्यासाठी ठिकाणच घरी आणण्याची ही युक्ती कुणा शहाण्या बाईने काढली असावी. माझ्या डोहाळजेवणाला जाऊबाईंनी दिवाणाला पुठ्ठ्याचे नाळ, म्हणजे नावेचे पुढचे टोक, लावून नाव केली होती. मी बसताच ते नाळ एका बाजूला कलले आणि सगळ्या बायका ‘बुडाली, बुडाली’ म्हणून ओरडल्या. समुद्र पाहिल्याचे समाधान त्यात किती होते ते सांगता येणार नाही, पण हसून हसून पोट मात्र दुखले.

गणपतीपुळे कोल्हापूरहून सुमारे १४५ किलोमीटर आहे आणि वाटेत आंबा घाट लागतो. आठव्या-नवव्या महिन्यात मी तिकडे पाठवणार नाही. मी वर्गात एका वहीची दोन पाने करायला सांगते: एका पानावर ‘या आठवड्यात’, दुसऱ्यावर ‘बाळ मान धरू लागल्यावर’. समुद्र दुसऱ्या पानावर जातो. पहिल्या पानासाठी पुढचे चार प्रश्न वाचावेत.

३. अंबाबाईला ओटी भरायची आहे. रांगेत उभे राहणे झेपेल का?

वार आणि वेळ पाहून गेलात तर झेपेल. मंगळवार, शुक्रवार, पौर्णिमा, सुट्टीचे दिवस आणि नवरात्र टाळावे. इतर वारी सकाळी लवकर गेल्यास रांग आटोक्यात असते आणि आवारातली फरसबंदीही अनवाणी पायांना पोळत नाही. गाभाऱ्यापर्यंतच्या रांगेऐवजी मुखदर्शन घेऊन लांबून हात जोडले तरी चालते, देवी काही रागावत नाही. दारावरच्या रक्षकांना स्पष्ट सांगावे. अवघडलेल्या बाईला पुढे सोडायला सहसा कुणी खळखळ करत नाही.

हे मी स्वतः ठेच लागून शिकले. ३३ व्या आठवड्यात, शुक्रवारी, रिकाम्या पोटी मी रांगेत उभी राहिले. चाळीसेक मिनिटांनी कानांत गुंई असा आवाज सुरू झाला आणि समोरच्या बाईच्या पदराचे काठ दोन-दोन दिसू लागले. बाहेर आणल्यावर घाटी दरवाजाजवळच्या एका माळीणबाईने वेण्यांची टोपली मांडीवर घेतली आणि आपले स्टूल मला दिले. बराच वेळ एका जागी उभे राहिले की रक्त पायांत साकळते आणि डोक्याकडे कमी पोहोचते, म्हणून चक्कर येते. उभे राहावेच लागले तर टाचा वर-खाली कराव्यात, वजन एका पायावरून दुसऱ्यावर घ्यावे आणि निघण्याआधी काहीतरी खावे. नोव्हेंबरात आणि जानेवारी-फेब्रुवारीत होणारा किरणोत्सव, म्हणजे सूर्याचे किरण देवीच्या मूर्तीवर पडण्याचा सोहळा, मावळतीच्या वेळी असतो आणि तेव्हा मंडपात दाटी होते. तो घरी बसून पडद्यावर पाहावा.

४. रंकाळ्यावर रोज किती चालावे? पूर्ण फेरी मारू का?

रंकाळा तलावाची पूर्ण फेरी चार किलोमीटरहून अधिक होते आणि तिचा तोटा असा की अर्ध्यावर दमलात तरी परतीचे अंतर तेवढेच उरते. त्यापेक्षा चौपाटीच्या किंवा पदपथ उद्यानाच्या बाजूला वीस-तीस मिनिटे जावे-यावे आणि मध्ये दोनदा बसावे. चालताना बोलता आले पाहिजे. वाक्य तुटू लागले की वेग कमी करावा. सूर्य शालिनी पॅलेसच्या बाजूला कलतो तेव्हा संध्यामठाचे दगड आधी तांबूस आणि मग काळे होतात. तेवढा वेळ कठड्याजवळच्या बाकावर बसून राहणे हीसुद्धा सहलच आहे. ओल्या पायऱ्यांवर उतरू नये, कारण पोट पुढे आल्याने शरीराचा तोल बदललेला असतो आणि आपले पाऊल आपल्यालाच दिसत नाही.

५. माहेरची पाहुणी आली आहे. तिला शहर दाखवायचे तर मी सोबत कुठे कुठे जाऊ शकते?

एका दिवशी एकच ठिकाण. मेजर चार्ल्स मँट यांच्या आराखड्यावरून १८७७ ते १८८४ या काळात बांधलेल्या नव्या राजवाड्यातले शाहू छत्रपतींचे संग्रहालय तळमजल्यावर आहे, त्यामुळे जिने चढावे लागत नाहीत. टाऊन हॉलचे संग्रहालय माझे विशेष आवडते: आटोपशीर दालने, भोवती जुन्या झाडांची बाग, आणि आत पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली पोसायडन या ग्रीक सागरदेवतेची लहानशी कांस्यमूर्ती. समुद्रावर जाता येत नाही म्हणून हळहळणाऱ्या बायकांना मी मुद्दाम तिथे पाठवते. आपण नाही गेलो तरी समुद्राचा देव दोन हजार वर्षांपूर्वीच पंचगंगेवर येऊन बसला आहे. कणेरी मठाचे ग्रामजीवन संग्रहालय सुंदर आहे, पण तिथे चालणे फार आहे आणि मध्येच बाहेर पडणे सोपे नाही, त्यामुळे ते वहीच्या दुसऱ्या पानावर.

६. पन्हाळ्याची उंची बाळाला बाधेल का? आणि जोतिबा?

उंची बाधत नाही. पन्हाळा समुद्रसपाटीपासून सुमारे ९७५ मीटर उंच आहे आणि मुळात कोल्हापूरच साडेपाचशे मीटरच्या आसपास वसले आहे. एवढ्या फरकाने हवा विरळ होत नाही. त्रास होतो तो वळणांचा आणि पायऱ्यांचा. ३४ व्या आठवड्यापर्यंत, कोरड्या दिवसांत, स्वतःच्या मोटारीने सुमारे वीस किलोमीटर जाऊन तबक उद्यानात बसावे, तीन दरवाजा पाहावा आणि परतावे. सज्जाकोठीचा जिना आणि अंधारबावीच्या पायऱ्या सोबतच्या माणसांनी उतराव्यात, आपण त्यांच्या चपला सांभाळाव्यात. पावसाळ्यात धुके आणि दरडींमुळे हा विचारच नको.

जोतिबाला देवळापर्यंत पायऱ्या उतराव्या लागतात, म्हणजे परतताना त्याच चढाव्या लागतात. रविवारी आणि चैत्र यात्रेत गुलाल व गर्दी दोन्ही असते. नवस असेल तर घरच्या कुणीतरी जाऊन नारळ वाढवून यावे.

७. दुचाकीवर मागे बसून जाऊ का? रिक्षा बरी की मोटार?

शेवटच्या तिमाहीत दुचाकी नको. खड्ड्याने बाळाला लगेच काही होते असे नाही, पण एका बाजूला पाय टाकून बसलेल्या आणि पोटामुळे तोल बदललेल्या बाईला पडण्याचा धोका खरा आहे, आणि पोटावर पडल्यास वार सुटू शकते. वडापमध्ये (माणसे भरून नेणाऱ्या खासगी गाडीत) अकरावी प्रवासी म्हणून कोंबून घेऊ नये हे सांगायला नको, तरी सांगते. रिक्षा चालेल; मधोमध बसावे, पाठीशी उशी घ्यावी आणि रिक्षावाल्याला ‘दादा, खड्डे बघून’ एवढे म्हणावे. कोल्हापुरातला रिक्षावाला हे ऐकल्यावर जितक्या काळजीने चालवतो तितक्या काळजीने घरचा माणूस चालवत नाही.

मोटारीत पट्टा लावायचाच. कमरेचा पट्टा पोटाखालून, मांड्यांच्या वर, कमरेच्या हाडांवर बसवावा. खांद्याचा पट्टा छातीच्या मधून पोटाच्या कडेने यावा. पोटाच्या फुगवट्यावरून कुठलाच पट्टा जाऊ नये.

८. सासूबाई म्हणतात, कट्ट्यावरचे धारोष्ण दूध पी, बाळ गुटगुटीत होईल. प्यावे का?

गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर म्हशीची धार समोर ग्लासात पडते, वर बोटभर फेस येतो आणि ग्लास हाताला कोमट लागतो. या शहराचे ते वैभव आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. तरीही गरोदरपणी कच्चे दूध पिऊ नये. न तापवलेल्या दुधातून ब्रुसेला, लिस्टेरिया, क्षय यांचे जंतू येऊ शकतात, आणि लिस्टेरियाचा संसर्ग आईला साध्या तापासारखा वाटला तरी बाळाच्या जिवावर बेतू शकतो. म्हैस निरोगी दिसते यावर जाऊ नये. मार्ग सोपा आहे: तेच दूध किटलीत घरी आणावे, उकळी येऊ द्यावी आणि मग प्यावे. सासूबाईंचा मान राहतो आणि दुधातले पोषणही जवळपास तेवढेच मिळते.

९. भेळ, मिसळ, तांबडा रस्सा: यातले काय चालेल?

तिखटाने बाळाला इजा होत नाही, आईला जळजळ होते. वाढलेल्या गर्भाशयाने जठर वर ढकललेले असते आणि संप्रेरकांमुळे अन्ननलिकेचे दार सैल पडलेले असते, म्हणून आंबट पाणी घशाशी येते. गरम, नुकताच उकळलेला रस्सा वाटीभर, दुपारी, चालेल. पांढरा अधिक सोसतो. रात्री नऊ वाजता मिसळीचा कट पिऊन लगेच आडवे झाल्यास पुढची रात्र उशीला टेकून बसून काढावी लागेल. जेवण आणि झोप यांत दोन-तीन तास असावेत. भेळेत भीती मिरचीची नसून उघड्यावरच्या चटणीच्या पाण्याची आणि चिरून ठेवलेल्या कांदा-कोथिंबिरीची आहे. सुकी भेळ घ्यावी किंवा भडंगाचा डबा घरून न्यावा. साखर वाढलेली असेल तर गूळ आणि काकवीसुद्धा मोजूनच.

१०. पाय सुजलेत. कोल्हापुरी चप्पल घालू का?

घरात, वापरून मऊ झालेली असेल तर घालावी. बाहेर मागे पट्टा असलेली, खाली न घसरणारी, अर्धा अंक मोठी सपाट चप्पल बरी, कारण कोल्हापुरी मागून मोकळी असते आणि ओल्या फरशीवर तिचा चामड्याचा तळ सरकतो. नवी कोरी चप्पल सुजलेल्या पायाला चावते तेव्हा होणारी जखम भरायलाही वेळ लागतो. संध्याकाळी घोट्यावर बोट दाबले की खळगा पडणे या दिवसांत सर्रास आढळते आणि पाय उंच ठेवल्यावर ते उतरते. चेहरा व हात अचानक सुजले तर मात्र प्रश्न १४ पाहावा.

११. रात्री झोपच लागत नाही. काही घरगुती उपाय?

२८ व्या आठवड्यानंतर झोपताना कुशीवर वळावे. डावी असो वा उजवी. उताणे झोपल्यास गर्भाशयाचा भार पोटातल्या मोठ्या शिरेवर येतो. मध्यरात्री जाग आली आणि आपण उताण्या आहोत असे दिसले तर घाबरू नये, कूस बदलावी. महागड्या उशांची जाहिरात पाहून विचारणाऱ्यांना मी घरातली वाकळ बाहेर काढायला सांगते. आईच्या जुन्या लुगड्यांची, धुऊन धुऊन मऊ झालेली वाकळ लांबट गुंडाळून एक टोक गुडघ्यांमध्ये आणि मधला भाग पोटाखाली घेतला की कंबर निवते. शिवाय तिला येणारा कपाटाचा वास दुकानात मिळत नाही.

पोटऱ्यांत गोळा आला तर पाय ताठ करून पावलाची बोटे आपल्याकडे ओढावीत. झोपण्याआधी कोमट पाण्यात पाय सोडावेत. अंघोळीचे पाणीही कढत नको. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नये, लिंबाच्या सरबताबरोबर घ्यावी. अंगदुखीवर दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या स्वतःच्या मनाने घेणे धोक्याचे आहे, कारण आयबुप्रोफेनसारखी औषधे या काळात बाळाच्या हृदयावर आणि मूत्रपिंडांवर परिणाम करू शकतात.

१२. पहिले बाळंतपण माहेरी, मुंबईला करायचे आहे. कधी आणि कसे जावे?

शक्यतो ३२ ते ३४ आठवड्यांच्या दरम्यान, म्हणजे तिथल्या डॉक्टरांना दोन-तीन तपासण्या करायला वेळ मिळतो. मला रेल्वे सर्वांत बरी वाटते: रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस, खालचा बर्थ, डब्यात स्वच्छतागृह, आणि मध्ये उठून चालता येते. गर्भवतींसाठी खालच्या बर्थचा राखीव कोटा आहे. आरक्षण खिडकीवर डॉक्टरांचे प्रमाणपत्र दाखवून तो मागावा. मोटारीने जायचे तर दर दीड-दोन तासांनी उतरून पाच मिनिटे चालावे, कारण गरोदरपणी पायांच्या शिरांत गुठळी होण्याचा धोका वाढलेला असतो. विमानाचे नियम कंपनीगणिक बदलतात. साधारण ३२ व्या आठवड्यानंतर प्रमाणपत्र मागतात आणि ३६ नंतर घेत नाहीत, जुळे असल्यास त्याहून आधीच. तिकीट काढण्यापूर्वी विचारावे.

१३. ग्रहण आहे. दिवसभर उपाशी, एका जागी बसायला सांगतात. काय करू?

ग्रहणाने बाळाचे ओठ फाटतात याला आधार नाही. तहान मारून तासन्‌तास ताटकळल्याने चक्कर आणि कळा मात्र येऊ शकतात. घरच्यांचे मन राखायचे तर घरात बसावे, नामस्मरण करावे, पण पाणी आणि खाणे सोडू नये. माझ्या आजेसासूबाई सुरीला हात लावू देत नसत. त्या दिवशी भाजी चिरण्यातून सुटका होते म्हणून मी कधी वाद घातला नाही.

१४. बाहेर असताना पोट कडक झाले तर खऱ्या कळा कशा ओळखायच्या?

आधी बसावे, पाणी प्यावे, लघवी करून यावे. अनियमित येणाऱ्या आणि विश्रांतीने ओसरणाऱ्या कळा खोट्या. ठरावीक अंतराने येणाऱ्या, जोर वाढवत जाणाऱ्या, बहुधा कमरेतून पोटाकडे येणाऱ्या खऱ्या. ३७ आठवड्यांच्या आत नियमित कळा आल्या तर वाट न पाहता निघावे.

पुढीलपैकी काहीही झाले तरी फिरणे तिथेच संपवून थेट रुग्णालयात जावे: अंगावरून रक्त जाणे; पाणमोट (बाळाभोवतीची पाण्याची पिशवी) फुटणे किंवा पाणी झिरपणे; तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे, बरगड्यांखाली दुखणे, चेहरा व हात अचानक सुजणे; आणि बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटणे. हालचालीच्या बाबतीत ‘उद्या बघू’ म्हणू नये. ‘शेवटी जागा कमी पडते म्हणून बाळ कमी हलते’ हा समज चुकीचा आहे. वाहन नसेल तर १०८ ला फोन करावा.

१५. कुणी अजिबात बाहेर भटकू नये?

ज्यांची वार खाली आहे, गर्भाशयाच्या तोंडाला टाका घातला आहे, रक्तदाब वाढलेला आहे, रक्तस्राव झालेला आहे, ज्यांना जुळे आहे किंवा आधीचे बाळंतपण अपुऱ्या दिवसांत झाले आहे, त्यांनी या पानावरची ठिकाणे आपल्या डॉक्टरांना नावानिशी विचारावीत. ‘फिरू का?’ असे मोघम विचारले की उत्तरही मोघम मिळते; ‘रिक्षाने रंकाळ्यावर जाऊन अर्धा तास बसू का?’ असे विचारले की नेमके मिळते. पूर्ण विश्रांती सांगितली असेल तर प्रश्न २ मधली नाव आणि प्रश्न ११ मधली वाकळ उरतेच.

१६. माझे दिवस जुलैअखेर भरतात आणि घर नदीपलीकडे आहे. पूर आला तर?

हा प्रश्न बाहेरगावच्यांना पडत नाही, इथे दर पावसाळ्यात पडतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये शिरोलीजवळ महामार्गावर पाणी येऊन तो काही दिवस बंद होता आणि चिखली, आंबेवाडीसारख्या गावांचा संपर्क तुटला होता. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी आहे. ज्यांचे ३६ आठवडे पूर्ण झाले आहेत त्यांनी इशारा पातळीचीही वाट पाहू नये. पस्तीस फुटांच्या बातम्या येऊ लागल्या की ज्या काठावर रुग्णालय आहे त्या काठावरच्या नातेवाइकांकडे मुक्काम हलवावा. ओळखीचे कुणी नसेल तर आशाताईंना जून महिन्यातच सांगून ठेवावे, म्हणजे यादीत नाव राहते. फाईल दुहेरी प्लास्टिकच्या पिशवीत घालावी, मोबाईल भरून ठेवावा, आठवड्याच्या गोळ्या सोबत घ्याव्यात, आणि ती वाकळ न्यायला विसरू नये, कारण पाहुण्यांच्या घरी उश्या नेहमीच कमी पडतात.